छतावरची जर्सी आणि खाली बसलेला माणूस

वाचक विचारतात

गेल्या अंकात बिल रसेल यांच्या 6 नंबरवर मी थोडक्यात लिहिलं होतं. बॉस्टन सेल्टिक्सचे हे सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू, 31 जुलै 2022 रोजी गेले आणि 11 ऑगस्टला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने जाहीर केलं, की यापुढे तीसपैकी एकाही संघात नव्याने कुणाला 6 नंबर मिळणार नाही. अख्ख्या लीगने एखाद्याचा नंबर निवृत्त करण्याची ती पहिलीच वेळ. त्या मजकुरावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे. शंका वेगवेगळ्या असल्या तरी कुतूहल एकच दिसतं: तिकडचे लोक आपल्या जुन्या खेळाडूंची आठवण कशी ठेवतात, आणि त्या आठवणीचा त्या खेळाडूला काही उपयोग होतो का? यातल्या दुसऱ्या प्रश्नाची मला फार आस्था आहे. खेळणं थांबल्यावर मी टेबल ऑफिशियल झाले, स्कोअरशीट लिहिण्यात आणि शॉट क्लॉक चालवण्यात वर्षं गेली. मैदान गाजवणारी माणसं नंतर कशी विसरली जातात, हे त्या टेबलावरून फार जवळून दिसतं.

मॅडम, मी कॉलेजच्या संघात 6 नंबर घालते. आता तो सोडायला हवा का? आणि नंबर निवृत्त करायचं ठरवतं कोण?
— बारावीतली वाचक, नागपूर

मुळीच सोडू नकोस. ती बंदी एनबीएपुरती आहे, आणि तिथेही ज्यांच्या अंगावर आधीपासून 6 होता त्यांना तो ठेवायची मुभा दिली होती. लेब्रॉन जेम्स त्यांतलाच एक. 2022-23 चा हंगाम तो 6 घालूनच खेळला आणि पुढच्या हंगामात रसेल यांच्या सन्मानार्थ आपण होऊन 23 वर परत गेला. रसेल गेल्यानंतरच्या त्या हंगामात सगळ्या खेळाडूंच्या जर्सीवर उजव्या खांद्याशी 6 चा बिल्ला होता. प्रत्येक कोर्टवर स्कोअररच्या टेबलाजवळ तिपानी पानाच्या आकारात 6 काढलेला होता. जागा आमच्या टेबलाशेजारची निवडली, याचा मला मनापासून आनंद झाला.

एरवी हा निर्णय ज्या त्या संघाचा असतो. लीगचा त्यावर नियम नाही. नंबर छापलेलं मोठं कापड छताला चढवतात आणि तो नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत. सेल्टिक्सने 1963 साली बॉब कूझी यांचा 14 आणि एड मकॉली यांचा 22 असे निवृत्त केले आणि तेव्हापासून त्यांच्या छतावर नंबरांची दाटी होत गेली. आज ते वीसच्या वर आहेत. त्यात 1 नंबर मालक वॉल्टर ब्राउन यांचा आणि 2 प्रशिक्षक रेड अवरबाख यांचा. दोघंही त्या संघातून एकही सामना खेळलेले नव्हते.

मला त्या छतावरची सगळ्यात आवडणारी गोष्ट जिम लॉस्कटॉफ यांची आहे. दणकट फॉरवर्ड, सात विजेतेपदांचे वाटेकरी, पण गुणांच्या यादीत कधी वर नसलेले. अशी माणसं प्रत्येक संघात असतात. रिंगखालची धक्काबुक्की ती अंगावर घेतात आणि बास्केट दुसऱ्याच्या नावावर लिहिली जाते. संघाने त्यांचा 18 नंबर निवृत्त करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनीच सांगितलं, की नंबर वापरात राहू द्या, पुढच्या कुणाला तरी मिळू द्या. मग नंबराऐवजी त्यांचं लाडकं नाव, 'लॉस्की', वर चढलं. 18 पुढे डेव्ह कावन्स यांना मिळाला. त्यांनी 1974 आणि 1976 ची विजेतेपदं जिंकून दिली आणि मग तो नंबर कावन्स यांच्या नावाने छतावर गेला. लॉस्कटॉफ तेव्हा हट्टाला पेटले असते तर कावन्स दुसऱ्याच नंबराने खेळले असते.

मायामी हीटने 2003 मध्ये मायकेल जॉर्डनचा 23 निवृत्त केला, जो मायामीकडून कधीच खेळला नव्हता. मला हे पटत नाही. मोठ्या माणसाला मान देण्यात गैर काही नाही, पण छत आपल्या घरचं आहे. तिथे घरासाठी राबलेल्यांची जागा आधी. सॅक्रामेंटो किंग्जने 6 नंबर प्रेक्षकांच्या नावाने निवृत्त केला आहे. तो मात्र मला पटतो, कारण रिकाम्या हॉलमध्ये सामना खेळणं म्हणजे काय असतं ते मी अनेकदा पाहिलं आहे.

रसेल यांनी स्वतःच असे मान नाकारले होते असं वाचनात आलं. इतकं ताठ राहण्याचं कारण काय असावं?
— निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. 13 हंगामांत 11 विजेतेपदं, त्यातली शेवटची दोन खेळता खेळता प्रशिक्षकपद सांभाळून. एनबीएतले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकही तेच. पण ज्या गावाला त्यांनी हे सगळं मिळवून दिलं, त्या बॉस्टनजवळच्याच उपनगरात त्यांच्या घरात शिरून लोकांनी नासधूस केली, भिंतींवर वंशद्वेषाचं घाण लिहून ठेवलं. त्या माणसाने त्याच गावच्या टाळ्यांसाठी उभं राहावं, अशी अपेक्षा आपण कशी करणार?

12 मार्च 1972 रोजी त्यांचा 6 नंबर बॉस्टन गार्डनच्या छतावर गेला. प्रेक्षक आत यायच्या आधी, रिकाम्या खुर्च्यांसमोर, फक्त जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षीने. अट त्यांचीच होती. हा खेळ संघाचा आहे आणि आपण संघासाठी खेळलो, ही त्यांची धारणा. 1975 साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात, निवड झाली तेव्हा समारंभाला ते गेलेच नाहीत. त्याची अंगठी त्यांनी स्वीकारली ती थेट नोव्हेंबर 2019 मध्ये, घरगुती कार्यक्रमात. आपल्याआधी ज्यांचा हक्क होता त्यांना आत घेतलेलं नाही, हे एक कारण त्यांनी तेव्हा सांगितलं, आणि नाव घेतलं चक कूपर यांचं.

1950 साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, निवड झालेले कूपर हे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, तेही सेल्टिक्सचेच. त्याच वर्षी नॅट 'स्वीटवॉटर' क्लिफ्टन न्यूयॉर्क निक्सकडे आले, आणि 31 ऑक्टोबर 1950 रोजी अर्ल लॉइड प्रत्यक्ष सामन्यात उतरलेले पहिले ठरले. आता सन्मानाच्या तारखा पाहा. लॉइड 2003 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, क्लिफ्टन 2014 मध्ये, कूपर 2019 मध्ये. कूपर 1984 ला वारले होते, क्लिफ्टन 1990 ला. तिघांपैकी एकट्या लॉइड यांना तो दिवस पाहता आला. रसेल 44 वर्षं कशासाठी अडून राहिले, ते या तारखांवरूनच कळतं.

समेटही झाला, तेही सांगायला हवं. मे 1999 मध्ये बॉस्टनमध्येच भरलेल्या हॉलसमोर त्यांचा 6 नंबर पुन्हा एकदा वर चढवला गेला आणि आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन त्यासाठी मुद्दाम आले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चेंबरलेन गेले.

मुलाकडे न्यू जर्सीला आलो आहे. स्प्रिंगफील्डचं हॉल ऑफ फेम पाहण्यासारखं आहे का? ते एनबीएचंच ना?
— वाचक, एडिसन

जरूर जा. एनबीएचं नाही ते. सगळ्या बास्केटबॉलचं आहे. कॉलेजचे प्रशिक्षक, पंच, परदेशी खेळाडू, स्त्रिया, सगळे तिथे आहेत. डिसेंबर 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी याच गावात पीचच्या टोपल्या टांगून खेळ सुरू केला, म्हणून जागा ही. पहिले मानकरी 1959 चे, आजची इमारत 2002 ची. निवडीचा शेवटचा टप्पा 24 जणांच्या समितीकडे असतो आणि आत जायला 18 मतं लागतात. हे 24 जण कोण, ते जाहीर करत नाहीत. पंचालासुद्धा शीटवर सही करावी लागते. इथेही नावं कळायला हवीत, असं माझं मत आहे.

माझी मुलगी मॅसॅच्युसेट्सला असते, त्यामुळे माझं जाणं झालं. गोल घुमटाच्या आतून मानकऱ्यांच्या तसबिरी कड्यासारख्या मांडल्या आहेत आणि तळाला पूर्ण आकाराचं कोर्ट. कुणीही चेंडू उचलावा आणि रिंगवर मारावा. चेंडूचा आवाज वरपर्यंत येतो. संग्रहालयात मुलांना असं मनसोक्त खेळू देणं मला फार भावलं.

तिथे लुशिया हॅरिस यांना विसरू नका. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदा आलं आणि त्यातली पहिली बास्केट त्यांची. 1977 मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझने एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्यांची निवड केली, पण त्या गेल्या नाहीत. तेव्हा त्यांना दिवस गेले होते. 1992 मध्ये त्या आणि नेरा व्हाइट, खेळाडू म्हणून हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया. आमच्या पिढीतल्या मुलींना ही नावं कुणी सांगितलीच नाहीत.

कोबी ब्रायंट गेला त्या दिवशी संघांनी 24 सेकंद चेंडू नुसता धरून ठेवला म्हणे. हे नियमात बसतं?
— वाचक, ठाणे

शॉट क्लॉक चालवलेल्या बाईला विचारताय, तर सविस्तर सांगते. चेंडू ताब्यात आल्यापासून 24 सेकंदांत शॉट मारायचा असतो. नाही मारला तर भोंगा वाजतो आणि चेंडू दुसऱ्या संघाला जातो. नियमभंग आहे, शिक्षा एवढीच. 26 जानेवारी 2020 ला हेलिकॉप्टर अपघातात कोबी, त्याची मुलगी जियाना आणि आणखी सात जण गेले. त्याच दिवशी सॅन अँटोनियोत टोरोंटो रॅप्टर्स आणि स्पर्स यांचा सामना होता. रॅप्टर्सनी पहिला चेंडू घेतला आणि 24 सेकंद उभे राहिले. भोंगा वाजला. मग स्पर्सनीही तेच केलं. त्यानंतरच्या सामन्यांत काही संघांनी 8 सेकंदांचा नियमही मोडला, म्हणजे चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे नेलाच नाही. कोबीचे नंबर दोन, 8 आणि 24, दोन्ही त्याच्या संघाने, लॉस एंजेलिस लेकर्सनी, 18 डिसेंबर 2017 ला निवृत्त केलेले. हे दोन्ही आकडे खेळाच्या घड्याळातच आहेत. घड्याळ चालवणाऱ्याचं एकच काम, खेळ अडला की भोंगा वाजवायचा. त्या दिवशी त्या भोंग्यावर अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आजवर मी पाहिलेली सगळ्यात सुंदर श्रद्धांजली ती.

उलट उदाहरणही त्याचंच. 8 फेब्रुवारी 2024 ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालं. टोरोंटोविरुद्ध 2006 मध्ये त्याने 81 गुण केले, त्या सामन्याचा तक्ता चौथऱ्यावर कोरला आहे. त्यात होजे काल्डेरॉन आणि व्हॉन वेफर या खेळाडूंच्या नावांची स्पेलिंग चुकली. लोकांनी महिन्याभरात पकडलं आणि लेकर्सनी दुरुस्ती हाती घेतली. बाकीच्यांना ही बारीक चूक वाटेल. पण काल्डेरॉन आणि वेफरसारख्यांचं नाव दगडावर किती वेळा कोरलं जाणार आहे? तेवढं एकदा तरी अचूक हवं होतं.

ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचा सामना आम्हाला शाळेतून दाखवायला नेलं होतं. तेव्हापासून मी किंग्जचा चाहता आहे. त्यांच्या निवृत्त नंबरांत 12 स्टोक्स आणि 27 ट्वायमन आहेत. ही नावं मी कधीच ऐकलेली नाहीत. कोण हे?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, डोंबिवली

तुझ्या पत्रासाठीच हे सदर लांबवायची परवानगी मी संपादकांकडून घेतली.

तू पाहिलेला तो भारतातला पहिला एनबीए सामना. पेसर्सनी जादा वेळेत 132-131 असा घेतला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे, हे तुला ठाऊक असेलच. पण हा संघ सॅक्रामेंटोत 1985 मध्ये आला. त्याआधी तो कॅन्सस सिटीत होता, त्याआधी सिनसिनाटीत, आणि मुळात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी, 'रॉयल्स' या नावाने. मॉरिस स्टोक्स आणि जॅक ट्वायमन हे त्या रॉयल्सचे. किंग्जनी तीन गावं बदलली पण ही दोन नावं मागे टाकली नाहीत, यासाठी त्यांना मानलं पाहिजे.

स्टोक्स कृष्णवर्णीय, ट्वायमन गोरे. दोघंही पिट्सबर्गचे, दोघंही 1955 साली रॉयल्समध्ये आले. स्टोक्स 1956 मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरले आणि तीनही हंगाम लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना खेळले. सरासरी 16 च्या वर गुण आणि 17 च्या वर रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू. 12 मार्च 1958 रोजी मिनिॲपोलिसमध्ये, हंगामातल्या शेवटच्या साखळी सामन्यात, रिंगकडे झेपावताना ते पडले आणि डोकं लाकडावर आदळलं. बेशुद्ध झाले. हुंगवायचं औषध देऊन शुद्धीवर आणलं आणि ते पुन्हा खेळायला उतरले. तेव्हा असंच चालायचं. तीन दिवसांनी डेट्रॉइटला प्लेऑफचा, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचा सामना खेळून परतताना विमानातच झटके आले. त्यानंतर ते कोमात गेले. शुद्ध आली तेव्हा बुद्धी शाबूत होती, शरीर मात्र हलत नव्हतं. वय 24.

ना वैद्यकीय विमा, ना पेन्शन, ना संघाकडून पुढचं काही बांधलेलं. हॉस्पिटलचं बिल रोज वाढत होतं, आणि स्टोक्स यांच्याच बँकेतले पैसे काढायला सही करणारा हात हलत नव्हता. तेव्हा 23 वर्षांचे ट्वायमन कोर्टात गेले आणि त्यांनी स्टोक्स यांचं कायदेशीर पालकत्व घेतलं. स्वतः संसारी माणूस, हंगाम नसताना विमा विकणारा. 1958 च्या अमेरिकेत एका गोऱ्या तरुणाने आपल्याहून वयाने मोठ्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याचं पालक होणं म्हणजे काय, याची कल्पना कर. कामावर असताना झालेली इजा म्हणून सरकारी नुकसानभरपाई मिळवायला ते झगडले आणि ती मिळवली. न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिलच्या डोंगरात कुटशर्स नावाचं एक हॉटेल होतं. तिथे दर उन्हाळ्यात मदतीचा सामना भरायला लागला आणि लीगमधले मोठमोठे खेळाडू पदरमोड करून येऊ लागले.

बोलता येईना म्हणून ट्वायमन मुळाक्षरं म्हणत जात, हव्या त्या अक्षराला स्टोक्स पापणी लववत. एक शब्द जुळवायला किती वेळ लागत असेल! तरी त्यांचं बोलणं थांबलं नाही. पुढे व्यायामाने स्टोक्स थोडे सावरले, टाइपरायटरवर लिहू लागले. हे सगळं 12 वर्षं चाललं. 6 एप्रिल 1970 ला स्टोक्स गेले, वय 36.

ट्वायमन स्वतः 1983 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. स्टोक्स यांना तिथे जागा मिळायला 2004 उजाडलं, म्हणजे मृत्यूनंतर 34 वर्षं. त्यांच्या वतीने सन्मान स्वीकारला ट्वायमन यांनीच. 2012 मध्ये ट्वायमन गेले आणि पुढच्याच हंगामापासून एनबीएने 'ट्वायमन-स्टोक्स' पुरस्कार सुरू केला. सर्वोत्तम सहकाऱ्याला तो मिळतो. पहिला मानकरी चॉन्सी बिलप्स. गुण मोजायचे नाहीत, रिबाउंड मोजायचे नाहीत, सोबतच्या माणसाशी कसा वागतो ते पाहायचं. एनबीएच्या सगळ्या पुरस्कारांत मला हा थोर वाटतो.

सिएटलचा संघ ओक्लाहोमाला गेला, मग त्यांच्या जुन्या खेळाडूंचे नंबर कुठे गेले?
— वाचक, औरंगाबाद

गेले नाहीत, सिएटललाच राहिले. 2008 मध्ये संघ हलला तेव्हाच्या समझोत्यात 'सुपरसॉनिक्स' हे नाव आणि रंग गावाकडे ठेवायचं ठरलं. 1979 चा विजेतेपदाचा करंडक सिएटलच्या इतिहास संग्रहालयाकडे आहे. ओक्लाहोमाच्या छतावर निक कॉलिसनचा 4 आहे, लेनी विल्कन्स किंवा जॅक सिक्मा यांचे नाहीत. हे मला योग्य वाटतं. आठवणी गावाच्या असतात.

एनबीएचे खेळाडू कोट्यधीश. त्यांना पेन्शन, विमा हवेच कशाला? तुम्ही मागे त्याविषयी कळवळून लिहिलं होतं, म्हणून विचारतो.
— वाचक, नाशिक

आजचे कोट्यधीश आहेत. स्टोक्स नव्हते, हे वर आलंच.

14 जानेवारी 1964. बॉस्टन गार्डन, बाहेर बर्फाचं वादळ, आत ऑल-स्टार सामना, आणि तो एबीसी वाहिनीवरून देशभर दिसणार होता. खेळाडूंची संघटना 1954 मध्ये बॉब कूझी यांनी उभी केली होती, तेव्हापासून पेन्शनची मागणी नुसती पुढे ढकलली जात होती. टॉम हाइनसन तेव्हा संघटनेचे अध्यक्ष. ड्रेसिंग रूममध्ये रसेल, चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, असे सगळे. पेन्शनचा शब्द मिळेपर्यंत कोर्टवर पाय ठेवणार नाही, असं त्यांनी सांगितलं. एका मालकाने आपल्या खेळाडूंना ताबडतोब बाहेर या म्हणून धमकावणारा निरोप पाठवला. कुणी हललं नाही. शेवटी लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि सामना उशिरा सुरू झाला. त्या दिवशी ते आपापले नंबर छतावर चढावेत म्हणून अडले नव्हते. म्हातारपणी हातात काहीतरी असावं, एवढंच मागत होते.

एबीएचं प्रकरण तर जास्तच दुखरं आहे. ही दुसरी लीग 1967 ते 1976 चालली. तिच्यातले पेसर्स, नगेट्स, नेट्स आणि स्पर्स हे चार संघ एनबीएने घेतले, बाकीचे मिटले. तीन गुणांची रेषा एबीएने लोकप्रिय केली आणि एनबीएने ती 1979-80 पासून घेतली. डंक, म्हणजे उडी मारून चेंडू रिंगमध्ये कोंबणं, त्याची स्पर्धाही आधी तिकडचीच. खेळातलं चांगलं ते उचललं, पण खेळाडूंपैकी कितीतरी जणांना पेन्शन मिळालं नाही. कुणी बेघर झालं, कुणाला औषधं परवडेनात. मिटलेल्या संघांपैकी सेंट लुइसच्या मालकांनी मात्र करारात टीव्हीच्या उत्पन्नातला वाटा कायमचा लिहून घेतला होता. 2014 मध्ये एनबीएने त्यांना सुमारे 50 कोटी डॉलर देऊन तो वाटा बव्हंशी सोडवून घेतला. त्याच लीगच्या खेळाडूंसाठी इंडियानापोलिसच्या 'ड्रॉपिंग डाइम्स' संस्थेने अनेक वर्षं दारं ठोठावली तेव्हा कुठे जुलै 2022 मध्ये एनबीए आणि खेळाडू संघटनेने मिळून 2 कोटी 45 लाख डॉलर मंजूर केले. लाभार्थी सुमारे 115. लीग विलीन होऊन तेव्हा 46 वर्षं झाली होती. विशीतली पोरं सत्तरीला आली. किती जण त्याआधीच गेले असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

चांगलंही घडलं आहे. 2015 मध्ये डॅरिल डॉकिन्स आणि मोझेस मलोन लागोपाठच्या महिन्यांत हृदयविकाराने गेले. त्यानंतर खेळाडू संघटनेने निवृत्तांच्या हृदयतपासणीची मोफत शिबिरं सुरू केली. 2016 मध्ये त्या वेळच्या खेळाडूंनी एकमताने ठरवलं, की किमान तीन वर्षं खेळलेल्या निवृत्तांना आपल्या पैशांतून आरोग्यविमा द्यायचा. विशी-तिशीतल्या मुलांनी, आपण कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी. तुम्ही कळवळा म्हणालात, तो आहेच.

एनबीएच्या 75 व्या वर्षानिमित्त 75 सर्वोत्तम खेळाडू निवडले, पण यादीत 76 नावं कशी?
— वाचक, अकोला

मतं सारखी पडली म्हणून. कुणाला वगळण्यापेक्षा एक खुर्ची वाढवली, चांगलं केलं.

आमच्या क्लबला पन्नास वर्षं होत आहेत. दिवंगत कर्णधाराची मोठी जर्सी हॉलच्या छताला लावायची आणि त्यांच्या नावाने करंडक सुरू करायचा, असं ठरतं आहे. तुमचा सल्ला हवा.
— क्लबचे सचिव, सांगली जिल्हा

जर्सी लावा, करंडकही ठेवा. पण आधी त्या कर्णधाराच्या संघातले हयात खेळाडू शोधा. पन्नास वर्षांपूर्वी सिमेंटच्या कोर्टवर खेळलेली ती माणसं, आज बहुतेकांचे गुडघे गेले असणार. गावातल्या एखाद्या अस्थितज्ज्ञांना आणि हृदयरोगतज्ज्ञांना विनंती करा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी शिबिर ठेवा, औषधांचा खर्च करंडकाच्या बजेटमधून काढा. करंडक चार इंच लहान झाला तर चालेल. नेण्याआणण्याला गाडी पाठवा, कारण निमंत्रणपत्रिका मिळूनही केवळ रिक्षा परवडत नाही म्हणून न येणारे लोक मला माहीत आहेत. नावं पुकारताना राखीव खेळाडूंचीही पुकारा, आणि उच्चार घरच्यांना विचारून घ्या.

स्मरणिकेसाठी जुनी स्कोअरशीट कुणाच्या माळ्यावर असतील तर आधी त्यांचे फोटो काढून ठेवा. कार्बन कॉपीवरचं लिखाण लवकर पुसट होतं. पूर्ण पान घ्या, तळाशी पंचांच्या आणि टेबल ऑफिशियलच्या सह्या असतात तिथपर्यंत.